आयुर्वेद पदवीधरांना आता परवान्याची परीक्षा

बीएएमएसची पदवी मिळवावी, वर्षभराची आंतरवासिता पूर्ण करावी, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नाव नोंदवावे आणि दवाखान्याची पाटी लावावी, हा राज्यातील आयुर्वेद पदवीधरांचा अनेक दशकांचा परिपाठ. पदवी हाच परवाना होता. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० मधील कलम १५ ने हे समीकरण मोडले. व्यवसायाचा परवाना आणि नोंदणी यांसाठी ‘नॅशनल एक्झिट टेस्ट’ म्हणजेच ‘नेक्स्ट’ ही देशव्यापी परीक्षा त्यात योजिली आहे. होमिओपॅथीसाठीही त्याच वर्षी स्वतंत्र कायदा होऊन अशीच तरतूद झाली.

कायद्याने परीक्षेसाठी तीन वर्षांची मुदत घातली होती. प्रत्यक्षात वाद उद्भवला तो परीक्षा कोणत्या तुकडीपासून लागू करावी यावर. विद्यार्थ्यांच्या आक्षेपांनंतर जयपूरच्या राष्ट्रीय आयुर्वेद संस्थेचे कुलगुरू संजीव शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. २०२१-२२ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपासून ही परीक्षा लागू होईल, असे केंद्रीय आयुष राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. या तुकडीचा अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन टप्प्यांचा. त्यावर आंतरवासितेचे एक वर्ष. कायदा प्रवेशाच्या आधीच झालेला असल्याने ऐनवेळी नियम बदलल्याची तक्रार पुरती टिकत नाही. मात्र परीक्षेचे स्वरूप अभ्यासक्रम निम्मा सरेपर्यंत ठरत नसेल, तर विद्यार्थ्यांची अस्वस्थता रास्तच म्हणावी लागेल. एमबीबीएसच्या ‘नेक्स्ट’ची कथाही निराळी नाही; तीही जुलै २०२३ मध्ये लांबणीवर पडली.

पाठांतरापेक्षा रुग्णांची उदाहरणे, छायाचित्रे, चित्रफिती यांवर आधारित प्रश्न आणि संवादकौशल्याची पारख, असे या परीक्षेचे स्वरूप सांगण्यात आले. ते स्वागतार्ह आहे. कारण नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत रुग्णाला प्रथम भेटणारा डॉक्टर अनेकदा बीएएमएसच असतो. राज्याच्या आरोग्यसेवेतही ‘गट ब’ वैद्यकीय अधिकारी म्हणून हेच पदवीधर नेमले जातात. साप चावलेला शेतमजूर किंवा तापाने फणफणलेले मूल समोर आल्यावर काय करावे आणि रुग्णाला नागपूरला केव्हा हलवावे, याचा निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात यात एक खास गुंताही आहे. १९९२ च्या अधिसूचनेने येथील आयुर्वेद पदवीधरांना प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. इतर अनेक राज्यांत ती नाही. देशभर एकच प्रश्नपत्रिका काढताना हा भेद कसा सांभाळायचा? केवळ आयुर्वेद तपासला, तर पारशिवनीतल्या डॉक्टरच्या रोजच्या कामाचा मोठा भाग परीक्षेबाहेर राहील. आधुनिक औषधे तपासली, तर ती लिहिण्याचा अधिकारच नसलेल्या राज्यांतील विद्यार्थ्यांवर अन्याय होईल.