नीतिमत्त्व
^ मराठी बायबलमधला हा शब्द हिब्रू ‘त्सेदेक’ आणि ‘त्सेदाका’ या शब्दजोडीसाठी येतो. आपल्या कानाला त्यात सोवळेपणा ऐकू येतो. मूळ शब्द मात्र नात्यातल्या देण्याघेण्याचा आहे. लेवीय १९:३६ मध्ये तो चक्क तराजूला आणि वजनाच्या दगडांना लागतो. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात विधवा तामार वेश्येच्या वेषात सासऱ्याला गाठते, तरी यहूदा तिलाच आपल्याहून नीतिमान ठरवतो. धाकट्या मुलाशी तिचे लग्न लावण्याचा शब्द त्यानेच मोडला होता. (आपल्याकडच्या कीर्तनकाराला ही कथा सोपी गेली नसती.) पुढे यहुद्यांत त्सेदाका म्हणजे दानधर्म झाला: उपकार नव्हे, गरिबाचे देणे.