वळवाचा वारा आणि नदीची होडी

एप्रिल-मे महिन्यांतली कोल्हापूरची दुपार कशी असते, हे येथे राहणाऱ्यांना सांगावयास नको. चार वाजेपर्यंत झाडाचे पान हलत नाही. मग आकाशाच्या एका कोपऱ्यात काळसर ढगांची कड दिसू लागते, धुळीचा लोट उठतो, घरांचे पत्रे वाजू लागतात, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो, आणि पाठोपाठ टपोरे थेंब किंवा गारा येतात. हा वळीव. शेतकरी त्याची वाट पाहतो, मुले गारा वेचण्यास अंगणात धावतात, आणि आम्हा बहुतेकांच्या मनात त्याची आठवण ओल्या मातीच्या वासाशी जोडलेली असते. परंतु त्याच घटकेला जो मनुष्य लहानशा होडीत बसून पाण्याच्या मध्यावर जाळे ओढीत असतो, त्याला वळीव कसा भासत असेल, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. या लेखात तोच विचार करावयाचा आहे.

कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास हा मुळात नद्यांचा इतिहास आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. लोकश्रद्धा गुप्त सरस्वतीला पाचवी मानते, आणि पंचगंगा हे नाव सिद्ध होते. ही पंचगंगा पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या नद्यांवर मासे धरणे आणि माणसे पैलतीरी पोहोचविणे हे भोई समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. त्यांची साधने साधी होती. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड, लाकडी नाव, आणि पुराच्या दिवसांत तर गुऱ्हाळातली गुळाची काहीलसुद्धा! ज्या काहिलीत उसाचा रस उकळावयाचा, तीच पाण्यावर सोडून तीतून माणसे आणि सामान पार नेलेले आमच्या भागाने पाहिले आहे.

ही सारी नदीची साधने. नदीवरच्या माणसाला काठ सदैव दिसत असतो आणि काठावरची हाकही ऐकू येते. उन्हाळ्यात तर नदी आक्रसून डोहांपुरती उरे. वळवाचे ढग दिसले, की चार हात मारून माणूस काठाला लागे आणि झाडाझुडपांपासून दूर, एखाद्या घराच्या आश्रयाला जाई. पुराचे भय मोठे होते. वळवाचे भय त्या मानाने थोडे होते.

विसाव्या शतकाने हे चित्र पालटले. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरेच होते. पुढे स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. त्यामागोमाग तुळशी नदीवर, दूधगंगेवर काळम्मावाडी येथे, आणि राज्यात इतरत्रही धरणे उभी राहिली. या धरणांनी आमच्या शिवारांना पाणी दिले, ऊस दिला, पिण्याचे पाणी दिले. त्यांचे ऋण मान्य करूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. धरणांमुळे भर उन्हाळ्यातही विस्तीर्ण पाणी उभे राहू लागले. त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले, आणि मासेमारी नदीवरून जलाशयावर गेली. माणूस तोच, होडी तीच. पाणी मात्र बदलले. कित्येक ठिकाणी होडीही नाही. थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकच्या चाकातली हवा भरलेली ट्यूब, एवढ्यावरच जाळे टाकले जाते.

पाणी बदलल्याने एवढे काय बिघडते? वारा पाण्याला ढकलतो आणि लाट उठते. परंतु ती वाढण्यास मोकळ्या पाण्याची लांबी लागते. वळणाच्या, अरुंद नदीत ती लांबी वाऱ्याला सहसा मिळत नाही. काही किलोमीटर पसरलेल्या जलाशयावर मात्र थोड्याच वेळात अशा लाटा उसळतात, की कमी काठाची होडी त्यांनी भरून जावी.

हे आम्हा ख्रिस्ती वाचकांना नवीन वाटू नये. मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग समुद्रावरचा म्हणून आपण ऐकतो. वस्तुतः गालील हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुंदी सुमारे १३ किलोमीटर. ते समुद्रसपाटीच्याही सुमारे २०० मीटर खाली असून भोवती डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांवरून वारा एकाएकी खाली कोसळतो. १९८६ साली अवर्षणामुळे या सरोवराचे पाणी ओसरले असता चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक होडी सापडली. तिची लांबी सुमारे ८ मीटर आणि रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा होडीत घाबरलेल्या त्या शिष्यांत त्याच सरोवरावर जाळी टाकून वाढलेले कोळी होते, हे आपण विसरतो. अनुभवी माणूसही वाऱ्यापुढे घाबरतो, आणि त्यात त्याला कमीपणा नाही.

आमच्या महाराष्ट्रातच याचे दुःखद प्रत्यंतर २१ मे २०२४ रोजी आले. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात, सोलापूर जिल्ह्यातील कुगाव आणि पुणे जिल्ह्यातील कळाशी या गावांच्या दरम्यान, संध्याकाळी एक लहान प्रवासी होडी पाणी कापीत होती. तिच्यावर सात माणसे होती. वाटेत वादळी वाऱ्याने गाठले, लाटांचे पाणी आत शिरले आणि होडी उलटली. एकजण पोहून काठाला लागला. उरलेली सहा माणसे बुडाली. त्यांत लहान मुलेही होती. ती होडी मासेमारीची नव्हती. परंतु पाणी तेच, वारा तोच आणि महिनाही तोच, ज्यांत आमचे मच्छीमार रोज उतरतात.

वळवाचा घात कोठे असतो, हे समजून घेतले पाहिजे. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि बारा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातून पाऊस कोसळू लागला, की थंड झालेली जड हवा खाली आपटते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. म्हणून पावसाच्या आधी वारा येतो. पाऊस दूर दिसत असतो, माणूस म्हणतो, ‘अजून अवकाश आहे’, आणि नेमका त्याच वेळी वारा होडीवर येऊन आदळतो. विजेचे भय तर त्याहून निराळे. मोकळ्या पाण्यावर होडीतला माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद मोजले, तर ती सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजावे. गडगडाट ऐकू आला, याचा अर्थच आपण तिच्या टप्प्यात आहोत.

वादळाची पूर्वसूचना देण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्यात येशूसंघीय धर्मगुरूंचा वाटा आहे. हवाना येथे फादर बेनितो विन्येस यांनी १८७५ साली येऊ घातलेल्या चक्रीवादळाचा इशारा दिला. १८७९ साली मनिला वेधशाळेतून फादर फेदेरिको फाउरा यांनी तसाच इशारा दिला. १८७५ सालीच भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने केलेला संहार हे त्यामागचे एक मोठे कारण होते. १९२८ साली त्या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. बंदरावर चढणारा धोक्याचा बावटा कोकणातल्या मुलालाही कळू लागला. तरीही ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नौकांना समुद्रात गाठलेच, आणि कित्येक घरांतले कर्ते पुरुष परतले नाहीत.

समुद्राला निदान बावटा आहे. आमच्या जलाशयांच्या काठी काय आहे? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईल अ‍ॅप तयार केले आहे. आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास ते सूचना देते. विज्ञानाने सूचना काठापर्यंत आणून सोडली आहे. काठापासून होडीपर्यंतचे शेवटचे अंतर मात्र माणसांनीच तोडावयाचे आहे. जाळे ओढणाऱ्याचे हात ओले असतात आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. शिवाय जाळे पाण्यात सोडून परतणे सोपे नसते. ते कर्जाने घेतलेले असते, आणि त्यातच त्या दिवसाची चूल असते. ‘एवढे ओढून घेऊ’ या तीन शब्दांत कितीतरी जीव गुंतलेले असतात.

म्हणून वळवाच्या दिवसांत काठावर कोणीतरी असावे. त्याने ढग पाहून शिट्टी फुंकावी, लाल फडके उभारावे. होडीत प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असावे. दुपार कलण्याआधी जाळी काढून घ्यावीत. आणि शुक्रवारी ताटात मासा घेताना आम्हीही एवढे ध्यानी ठेवावे, की तो आणणाऱ्या माणसाने आकाशाकडे पाहून जाळे सोडून दिले असेल, तर त्या दिवशी बाजारात मासा कमी येणे ही आनंदाची गोष्ट आहे.