न झालेल्या वादळाची नोंद

जगातील मोठ्या चक्रीवादळांच्या याद्या पाहिल्या तर मुंबईच्या नावापुढे एक नोंद वारंवार आढळते. ६ जून १८८२ रोजी अरबी समुद्रातून आलेल्या वादळाने मुंबई झोडपली आणि एक लाख माणसे प्राणास मुकली, अशी ती नोंद. आंतरजालावर ती वर्षानुवर्षे एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरवली गेली आहे. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला एवढी गोल संख्या दिसली की पहिला प्रश्न पडायला हवा : ही मोजली कोणी?

१८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली होती. म्हणजे वर्षभराने शहरातील दर आठ माणसांमागे किमान एक माणूस मेला, असे आपण मानायचे. कुलाब्याच्या वेधशाळेत हवेच्या नोंदी १८४० च्या दशकापासून घेतल्या जात होत्या. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते, आणि त्याच्या स्थापनेमागे कलकत्त्याच्या १८६४ च्या भीषण वादळाचा अनुभव होता. मुंबईत इंग्रजी, गुजराती, मराठी वृत्तपत्रे निघत होती. पुढे १८९६ साली प्लेग आला तेव्हा याच शहराच्या यंत्रणेने मृतांचे आकडे आठवड्यागणिक लिहून ठेवले. अशा शहरात लाख माणसे बुडाली आणि दप्तरात त्याचा मागमूस राहिला नाही, हे संभवत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचा पुरावा देता येईल. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८२ च्या जुलैमध्ये निकालात निघाला. टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात गेले. तेथील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिले. ज्या शहराचा आठवा हिस्सा सहा आठवड्यांपूर्वी नष्ट झाला, त्या शहरात न्यायालय, ज्यूरी, तुरुंग हे सारे ठरल्याप्रमाणे चालू होते काय?

झाशीच्या छावणीत राहणाऱ्या वाचकांना आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. १८५८ च्या वेढ्यात झाशीवर जे ओढवले त्याची मराठीतील मोठी साक्ष पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी दिली. ती त्यांनी पंचवीसएक वर्षांनी, म्हणजे याच १८८२ च्या आगेमागे लिहिली आणि १९०७ साली ती छापली गेली. दूरच्या एका शहराचा नाश एका भिक्षुकाच्या आठवणीतून टिकतो; मग कोकणच्या दारातल्या मुंबईचा नाश कोणालाच कसा आठवला नाही? अमिताव घोष यांनी २०१६ च्या 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकासाठी या वादळाचा शोध घेतला, तेव्हा त्यांनाही विश्वसनीय आधार मिळाला नाही. आज अभ्यासक ही नोंद बनावट मानतात.

कार्यालयात असे कसे होते ते आपल्याला ठाऊक आहे. एखादा आकडा एका टिपणात शिरतो. पुढचा कारकून 'मागील पत्रान्वये' म्हणून तो उतरवतो. तिसऱ्या नस्तीत तो आधार होऊन बसतो.

परंतु खरी अडचण यानंतर सुरू होते. १८८२ चे वादळ खोटे ठरले की ऐकणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि म्हणतो, 'म्हणजे मुंबईला वादळाचे भय नाही तर!' हा निष्कर्ष मला त्या बनावट आकड्यापेक्षा घातक वाटतो. कारण खरी वादळे झालेली आहेत. नोव्हेंबर १८५४ मध्ये एका रात्रीत बंदरातील जहाजांची मोडतोड झाली आणि सुमारे हजार माणसे गेली, असे वर्णन आढळते. नोव्हेंबर १९४८ मध्येही शहराला वादळाचा जबर तडाखा बसला. त्यानंतर दोन पिढ्या मोठे वादळ थेट शहरावर आले नाही. याच काळात खाजणे भरली गेली, मिठी नदी आवळली गेली आणि वस्ती अनेक पटींनी वाढली. जुन्या वादळांपुढे सापडलेले शहर आणि आजचे शहर यांची तुलनाच होऊ शकत नाही.

पाणी काय करू शकते हे २६ जुलै २००५ रोजी दिसले. ते चक्रीवादळ नव्हते. सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्यात पाऊणशे मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरात दक्षिणेकडील अधिकाऱ्याला आपत्तीची कल्पना खिडकीतून येणे शक्य नव्हते. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली, ती याच अनुभवातून. त्यानंतर सुमारे महिनाभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले. तेथे इशारा आधी मिळाला होता, शहर सोडण्याचा हुकूमही निघाला होता. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना न्यायचे कोणी, एवढेच नीट ठरले नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाचा रोख मुंबईकडे मानला जात होता. ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरे उडाली, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मुंबई थोड्या अंतराने वाचली. ज्या यादीतून १८८२ वर तांबडी रेघ मारायची, तिच्यात १८५४, १९४८ आणि या वादळाची वाट तपशिलाने लिहून ठेवावी, म्हणजे स्थलांतराचा आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर काहीतरी खरे असेल.