उत्सवाचा प्रवास आणि सुरक्षिततेचा दाखला

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या मनुष्यास आज काय दिसतें? काळसर वाळूचा किनारा, समुद्रांत शिरलेला धक्का, एका अंगास रत्नदुर्गाचें टोंक, आणि भेळेच्या गाड्यांभोंवतीं जमलेलीं मुलें. ह्याच बंदरांतून एके काळीं सारा मुलूख मुंबईस जात असे व मुंबईहून परत येत असे, ही गोष्ट त्या मुलांस सांगितली तर ती त्यांस दंतकथेसारखी वाटेल. आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही. तिचा भोंगा झाला म्हणजे उतारू, ट्रंका, वळकट्या व आंब्यांच्या पेट्या हें सर्व पडावांत भरून तिच्या कडेस नेलें जाई, आणि लाटेबरोबर पडाव वर आला कीं खलाशी उतारूस हातानें ओढून शिडीवर घेत. आमच्या वडील मंडळींनीं हें वर्णन आम्हांस इतक्या वेळां ऐकविलें आहे कीं, तो पडाव व ती शिडी आम्हीं स्वतः पाहिली असावी असा भास होतो. एक गोष्ट मात्र त्यांच्या सांगण्यांत नेहमीं अर्धवट राही. सणाच्या दिवसांत बोटीवर किती माणसें चढत, असें विचारलें म्हणजे तीं हंसून म्हणत, “मोजतो कोण रे! शिमग्याला घरीं पोंचायचं होतं.” ह्या एका वाक्यांत कोंकणच्या प्रवासाचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

कोंकणी मनुष्याचें पोट मुंबईस आणि देव गांवीं, ही व्यवस्था मुंबईंत गिरण्या निघाल्यापासूनची आहे. वर्षभर विखुरलेलीं माणसें शिमगा, गणपती व मे महिना ह्या तीन वेळां एकदम गांवाकडे लोटतात. त्यामुळें ज्या वाहनांवर एरव्हीं बेताचा भार असतो, त्यांवर वर्षांतून तीनदां त्यांच्या शक्तीची परीक्षा पाहणारा भार येऊन पडतो. वाहनाच्या सुरक्षिततेचा दाखला मात्र एखाद्या शांत दिवशीं, वाहन रिकामें उभें करून, तपासनीसानें दिलेला असतो. तो दाखला खोटा असतो असें नाहीं; तो दुसऱ्याच दिवसाचा असतो, इतकेंच. दाखला आणि सण ह्यांच्यामधील ह्या अंतरांत आजवर किती माणसें बुडालीं व किती दरींत गेलीं, ह्याचा विचार कोणीं तरी केला पाहिजे.

वाहनांच्या तपासणीची कल्पना प्रथम समुद्रावर जन्मास आली. इंग्लंडांत सॅम्युएल प्लिमसोल ह्या पार्लमेंटच्या सभासदानें अतिभारानें बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध मोठी चळवळ केली, आणि 1876 च्या कायद्यानें जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणें आवश्यक ठरलें. प्रारंभीं ती रेषा कोठें काढावयाची हें मालकाच्याच मर्जीवर सोपविलेलें होतें. ती जागा कायद्यानें निश्चित व्हावयास 1890 साल उजाडलें. ह्या रेषेचा गुण असा कीं, ती वाचण्यास विद्वत्ता लागत नाहीं. ती पाण्याखालीं गेली म्हणजे धक्क्यावरच्या हमालासही समजतें कीं जहाज अधिक भरलें आहे.

आपल्या किनाऱ्यावर हा धडा कसा शिकला गेला, हें पाहूं. आमच्या मांडवीची एक नामसखी कच्छांत आहे. त्या मांडवीहून 8 नोव्हेंबर 1888 रोजीं मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही शेफर्ड कंपनीची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळांत नाहींशी झाली. तिजवर विजेचे दिवे असल्यामुळें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि गुजरातेंत तिचें गाणें अजून गाइलें जातें. तिच्यांत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं, मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेले विद्यार्थी होते. मागाहून चौकशी झाली तेव्हां जीव वांचविण्याच्या होड्या व इतर साधनें अपुरीं होतीं असें निष्पन्न झालें. बोट गेल्यावर साधनें मोजण्यांत आलीं, हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां पुन्हां येणार आहे.

शेफर्डच्या बोटींस तोंड देण्यासाठीं स्वदेशीच्या लाटेंत कोंकणी लोकांनीं आपली स्वतःची कंपनी काढली आणि तिला मोठ्या प्रेमानें ‘माझी आगबोट कंपनी’ असें म्हटलें. तिनें आपल्या बोटींस साधुसंतांचीं नांवें दिलीं. परंतु समुद्र स्वदेशी-परदेशी जाणत नाहीं. 11 नोव्हेंबर 1927 रोजीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या, आणि त्यानंतर वीस वर्षांनीं ‘रामदास’ बोटीचा तो अनर्थ घडला.

त्या दिवसाची थोडी फोड केली पाहिजे. 17 जुलै 1947, गुरुवार. लोक जिला गटारी म्हणतात ती आषाढी अवस होती. दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे निर्बंध लागावयाचे, म्हणून मुंबईंतील पुष्कळ मंडळी घरीं निघालीं होतीं. पावसाळ्यांत रत्नागिरीकडच्या लांब पल्ल्याच्या बोटी बंद असत. रेवस-धरमतरकडील जवळच्या फेऱ्या मात्र चालू असत. अंतर थोडें, वाट रोजची, म्हणून त्या सुरक्षित, अशी समजूत. ‘रामदास’ ही कांहीं जुनाट बोट नव्हती. ती 1936 सालीं विलायतेंत बांधलेली होती. सकाळीं आठ वाजतां ती भाऊच्या धक्क्यावरून सुटली, आणि अवघ्या पाऊण तासाच्या आंत काशाच्या खडकाजवळ उलटून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. जे वांचले त्यांनीं सांगितलें कीं, पाऊस व लाटा एका अंगानें आंत येऊं लागतांच उतारू भिऊन दुसऱ्या अंगास लोटले आणि बोटीचा तोल गेला. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई बंदरापासून इतक्या जवळ एवढी माणसें बुडत असतां मुंबईस त्याची वार्ता पोहून आलेल्या माणसांकडून कळली.

ह्यानंतर एकोणतीस दिवसांनीं देश स्वतंत्र झाला. त्या महोत्सवांत व त्यामागोमाग आलेल्या रक्तपातांत ‘रामदास’चें दुःख राष्ट्राच्या स्मरणांतून निसटलें. तें किनाऱ्यावरच्या घरांत तेवढें उरलें. गटारीचा दिवस आला कीं दिवा लावतांना डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या लहानपणीं आम्हीं पाहिल्या आहेत.

पुढें प्रवास समुद्रावरून रस्त्यावर आला. 1920 नंतर खासगी मोटारी ठिकठिकाणीं धांवूं लागल्या होत्या. त्यांस वेळ नव्हती, ठराविक भाडें नव्हतें, आणि गाडी भरेपर्यंत ती हलत नसे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानें ह्या धंद्यास कांहीं वळण लागलें. 1 जून 1948 रोजीं पुणें ते नगर ही पहिली सरकारी गाडी सुटली आणि एस. टी.चा जन्म झाला. एस. टी.नें कोंकणांत वाडीवाडीस जग आणून भिडविलें, हें ऋण आम्ही कदापि विसरणार नाहीं. पण मांडवीच्या पडावांतली ती गर्दी आतां तिच्या दारांत येऊन उभी राहिली. गणपतीच्या दिवसांत आज हजारों जादा गाड्या कोंकणांत सोडाव्या लागतात. दूरदूरच्या विभागांतून गाड्या व चालक मागवावे लागतात. राजमार्गावर अवजड वाहनांस बंदी घालावी लागते.

येथें एका कायद्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मोटार चालविणाऱ्या कामगारांसाठीं 1961 सालीं जो कायदा झाला, त्यानें दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली. लगेच त्याच कलमांत एक सवलत होती. लांबचा पल्ला असेल, अथवा सणाउत्सवाचा प्रसंग असेल, तर अधिकाऱ्यांच्या संमतीनें हेच तास दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्नपर्यंत वाढवितां येत. सवलत देणाऱ्याचा हेतु समजण्याजोगा आहे. सणाला गाड्या अधिक लागतात, माणसें तेवढींच असतात. तरी परिणाम असा कीं, रस्त्यावर गर्दी सर्वांत अधिक, घाट सर्वांत निसरडे व उतारू सर्वांत उतावळे, अशाच दिवशीं चालकास झोंप सर्वांत कमी मिळावी, ही गोष्ट त्या कायद्यास मान्य होती. भाररेषा मनुष्याच्या डोळ्यांवर काढतां येत नाहीं, म्हणून ती पाण्याखालीं गेलेली कोणास दिसत नाहीं.

आतां एक कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्रीं आम्ही मुंबईहून रत्नागिरीस एका खासगी बसनें येत होतों. मधल्या वाटेंत स्टुलें टाकून माणसें बसविलेलीं होतीं. संकटकाळीं उघडावयाच्या दाराशीं सामानाची रास होती. चालक एका हातानें चाक धरून दुसऱ्या हातानें फोनवर बोलत होता, आणि कशेडी घाटांत वळणावरच त्यानें पुढील गाडीस मागें टाकलें. एक म्हातारी बाई तेवढी उठून म्हणाली, “बाबा, जरा हळू हांक. पोरंबाळं आहेत गाडीत.” चालक कांहीं बोलण्यापूर्वींच मागून दोघे-तिघे ओरडले, “आजी, गप्प बसा. पहाटे पोंचायचंय, मूर्ति आणायचीय.” आणि प्लिमसोलवर दरसाल व्याख्यान देणारे आम्ही? आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलों. आम्हांसही पहाटे पोंचावयाचें होतें. उतरतांना पाहिलें तों गाडीचा योग्यता-दाखला समोर लावलेला होता आणि त्याची मुदत संपलेली नव्हती.

त्या रात्रीं आम्ही वांचलों, ह्यांत आमची पुण्याई असेल, शहाणपण नव्हतें. 19 मार्च 1913 नव्हे, 2013 रोजीं, म्हणजे आपल्याच काळांत, खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून गोव्याहून मुंबईस जाणारी बस पहाटेच्या अंधारांत खालीं गेली व सदतीस माणसें मेलीं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील 1928 सालचा पूल पुरांत खचला आणि दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. त्या पुलाची पाहणी त्याच वर्षीं मे महिन्यांत होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असें मागाहून सरकारतर्फे सांगण्यांत आलें. 28 जुलै 2018 रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळी सहलीस महाबळेश्वराकडे निघालीं, तीं आंबेनळी घाटांत दरींत गेलीं. एक गृहस्थ तेवढे वांचले. 1 जुलै 2023 रोजीं बुलढाणा जिल्ह्यांत समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली व पंचवीस जण आंत होरपळले. प्रत्येक वेळीं क्रम तोच, वीजळीचा: आधीं प्रेतें, मग पाहणी.

हा दोष केवळ आपला नव्हे. थायलंडांत एप्रिलमधील सोंगक्रान व इंग्रजी नववर्ष ह्या दोन सुट्यांभोंवतालच्या दिवसांस सरकारच ‘सात धोक्याचे दिवस’ म्हणतें आणि रोजच्या मृतांची संख्या जाहीर करतें. तरीही 1 ऑक्टोबर 2024 रोजीं बँकॉकनजीक शाळेच्या सहलीची बस पेटून तेवीस जीव गेले, आणि तिच्यांत परवानगीपेक्षां अधिक वायूच्या टाक्या बसविलेल्या आढळल्या. पण त्या देशाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सणाचा दिवस हा धोक्याचा दिवस, असें तेथें आधींच उघड म्हटलें जातें. आपण सणाच्या दिवसास ‘जादा गाड्यांचा दिवस’ म्हणतों.

तेव्हां करावें काय? दाखले बंद करावेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वर्षाच्या दाखल्याबरोबर त्या दिवसाचाही दाखला हवा. गाडी सुटण्यापूर्वीं आगारांत वा थांब्यावर तीन प्रश्न विचारले जावेत: चालक शेवटचा केव्हां झोंपला, आंत माणसें किती, आणि संकटाचें दार उघडतें काय. ह्यास यंत्र लागत नाहीं, तज्ज्ञही लागत नाहीं. प्लिमसोलच्या रेषेप्रमाणें हे प्रश्न हमालासही विचारतां येतात. आणि अधिकारी ते विचारीत नसेल तर उतारूनें विचारावेत, त्या म्हातारीनें विचारले तसे. तिला गप्प बसविणारे आपण होतों, हें इतिहासाच्या लेखकानें तरी झांकूं नये.

मांडवीच्या धक्क्यावर आतां आगबोट येत नाहीं. दूरवर जेथें ती उभी राहत असे, तेथें सायंकाळीं मच्छीमारांच्या होड्या तेवढ्या दिसतात. पुढच्या गणपतीस आमचीं मुलें मुंबईहून येतील. कोणत्या गाडीनें येतां, हें आम्ही दरवर्षीं विचारतों. ह्या वर्षीं आणखी एक गोष्ट सांगणार आहों, कीं बाळांनो, आरती थोडी उशिरां झाली तरी चालेल.