स्पेलिंग संपलं, आता पुढे काय?

कॉलेजमधला एक मित्र अमेरिकेत असतो. मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवतात. परवा त्याचा फोन आला तेव्हा स्वारी जरा गोंधळलेली होती. मुलगी आठ वर्षांची, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं स्पेलिंगचं पुस्तक तिने संपवलंय. "आता याहून अवघड पुस्तक आणू, की सरळ स्पेलिंग बीच्या तयारीला लावू?"

आम्ही दोघंही प्रोग्रामर. प्रश्न पडला की आधी कुणी सोडवलाय का, हे बघायची सवय. म्हटलं, इतिहासात डोकावून बघू.

नोआ वेबस्टरचं गाजलेलं स्पेलिंगचं पुस्तक आलं १७८३ साली. पुढे कित्येक पिढ्यांनी ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घोकलं. गंमत म्हणजे तो फक्त पहिला भाग होता! दुसरा व्याकरणाचा, १७८४ साली. तिसरा वाचनाचा, १७८५ साली. म्हणजे वेबस्टरच्या लेखी स्पेलिंग हा घराचा उंबरठा होता. उंबरठ्यावर कुणी मुक्काम करत नाही.

मुक्काम मात्र झालाच. शाळांमधून रोज तासन्‌तास घोकंपट्टी चालायची. शेवटी जोसेफ राइस नावाच्या डॉक्टरने हजारो मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि १८९७ साली निष्कर्ष छापला: रोज पाऊण तास घोकणारी मुलं पंधरा मिनिटं घोकणाऱ्यांपेक्षा काही सरस नव्हती. अख्ख्या देशाचा वेळ वाया चालला होता, आणि हे कुणी मोजूनच बघितलं नव्हतं.

मग १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय स्पेलिंग बी सुरू झाली. अंतिम फेरीत नऊ मुलं होती, आणि अकरा वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर 'ग्लॅडिओलस' बरोबर सांगून जिंकला. उंबरठ्यालाच ट्रॉफी लागली म्हणा ना.

घरी शिकणाऱ्या मुलांनीही हे मैदान मारलं. १९९७ साली रिबेका सीलफन जिंकली. २००० साली तर पहिले तिघंही घरी शिकलेले! पण मला जास्त रस होता तो या मुलांनी पुढे काय केलं यात. २००० साली जिंकलेला जॉर्ज अब्राहम थांपी त्याच वर्षी भूगोलाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला होता. तिसरी आलेली ॲलिसन मिलर २००४ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणारी पहिली अमेरिकन मुलगी ठरली. २००७ चा विजेता इव्हन ओडॉर्नी, तोही घरीच शिकलेला, त्यानेही २०१० साली गणितातच सुवर्णपदक मिळवलं.

तीन मुलांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, मान्य. पण एक दिसतं. ही मुलं नुसते शब्द पाठ करत नसावीत. नियम कुठला, अपवाद कुठला आणि तो का, हे त्यांना दिसत असावं. ती नजर एकदा आली की ती भूगोलात नेता येते, गणितात नेता येते.

आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'का' विचारायला वाव भरपूर. 'डेट' म्हणजे कर्ज, या शब्दातला न उच्चारला जाणारा 'बी' घ्या. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो 'बी' नव्हताच. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो घुसडला. बोलणाऱ्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, पण लिहिणारे आजतागायत तो वागवतायत. लेगसी कोड म्हणतात तो हाच!

मित्राला एवढंच म्हणालो, की अवघड याद्या बंद कर. लेकीला शब्दांच्या मूळगावी ने. तिथून ती लॅटिनकडे वळेल, नकाशांकडे वळेल, नाहीतर गणिताकडे. आणि स्पेलिंग बी तिने स्वतः मागितली तर जरूर, पण आपल्याला फेसबुकवर फोटो टाकायचाय म्हणून नको.

तिकडे जरा शांतता. मग म्हणाला, "फोटोचं बरोबर ओळखलंस."

सुरुवातीला एक शब्दही सुचवला: 'मंगूस'. अनेकवचन करताना भल्याभल्यांना शेवटच्या 'गूस'मुळे 'मंगीस' म्हणावंसं वाटतं. पण त्या प्राण्याचा बदकाशी, हंसाशी काही संबंध नाही. शब्द इंग्रजीत गेला तो आपल्या मराठी मुंगुसावरून. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलीला हे आजीच्या तोंडून कळलं, तर पुढच्या शंभर शब्दांची चौकशी ती आपणहून करेल.