पिशवीतले चिंचोके

एका कापडी पिशवीत दोन-तीन ओंजळी चिंचोके घाला. मुलांनी ते मोजायचे नाहीत. 40 चिंचोके काढून त्यांवर चुन्याचा ठिपका द्या, वाळले की पिशवीत टाका आणि पिशवी खळखळून हलवा. आता न बघता 50 उचला. त्यांत ठिपक्याचे 8 निघाले, की सातवीतली मुलगी त्रैराशिक मांडून सांगते: एकूण 250.

गणिती प्रतिमानांच्या वाटेला नव्याने लागणाऱ्या शिक्षकांच्या हाती मी आधी ही पिशवी देते. तळ्यातल्या माशांची संख्या अशीच काढतात. या रीतीला डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांचं नाव आहे. 1802 मध्ये लाप्लासने फ्रान्सच्या लोकसंख्येचा अंदाज बांधला, तोही अशाच गुणोत्तरावर.

खरा तास मात्र उत्तर आल्यावर सुरू होतो. पिशवी ओतून मोजावं, तर निघतात 290! आकडेमोड बरोबर, मग चुकलं कुठे? कोणी म्हणतं, चुना पुसला गेला असेल. थांबा: ठिपके पुसले असते तर खुणेचे कमी सापडले असते आणि उत्तर फुगलं असतं, आपलं तर कमी आलंय. म्हणजे पिशवी नीट हलली नाही, ठिपकेवाले वरच राहिले? की नुसता योगायोग? पुन्हा उचलून बघू. या खेपेला खुणेचे 6 येतात आणि उत्तर 333 वर जातं. मुलं वाद घालू लागली, की घंटेकडे लक्ष देऊ नका.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही त्रैराशिक आहे आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या घोटून घेतलं. पण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात तिन्ही राशी आयत्या मिळतात. इथे त्या मुलांनी स्वतः मिळवायच्या, आणि आपण काय गृहीत धरलं तेही उघड सांगायचं. प्रतिमान म्हणतात ते याला. त्यासाठी बीजगणिताची वाट बघायला नको. गुणोत्तर कळू लागलं की पुरे, म्हणून पाचवी ते आठवीचं वय मला फार मोलाचं वाटतं.

पुढे शाळेचं छप्पर आहेच. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एवढ्यावर मुलं टाकीचा हिशेब मांडतात आणि पहिल्या सरीनंतर गळकी पन्हळ शोधायला धावतात.

एकच विनंती. पिशवी भरताना चिंचोके तुम्हीही मोजू नका. उत्तर ठाऊक असलं की ते आपल्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मुलं पिशवी सोडून चेहरा वाचू लागतात.