भाकड जनावराचे मोल : पूर्व विदर्भातील लहान गोधनाच्या अर्थव्यवहाराचा मागोवा

मांसासाठी गुरे वाढवून नफा मिळविणे हा अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांच्या कृषि-इतिहासातील एक प्रमुख अध्याय होय. तेथे वासरू साधारणपणे दीड-दोन वर्षांत बाजारास तयार होते आणि गुंतविलेले भांडवल त्याच वेगाने परत येते. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा आणि त्याच्या आसपासची भातपट्टी येथे गोवंशाच्या बाबतीत हा व्यवसाय मूळ धरू शकला नाही. आज तर तो कायद्यानेच निषिद्ध आहे. तथापि एवढ्यावरून येथील चार-सहा जनावरांच्या कोठ्याला नफ्यातोट्याचा हिशेब नव्हता, असे अनुमान काढणे युक्त होणार नाही. त्या हिशेबाचे स्वरूप काय होते आणि त्याची अखेरची रक्कम कायद्याने कसकशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीत जनावराचे मुख्य उत्पन्न दूध हे नव्हते, मांस हेही नव्हते. ते होते ओढकाम. चिखलणीच्या अल्प मुदतीत ज्याच्या दारी स्वतःची जोडी नाही, त्याची रोवणी मागे पडे. चिखलात वावरण्यास हलकी, काटक व तणसावर निभावणारी जनावरे येथे टिकली. गडचिरोली, चंद्रपूर व गोंदिया या भागांतील अशा लहान चणीच्या जनावरांना ‘कठाणी’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच मान्यता मिळाली आहे. गाय राखावयाची ती मुख्यतः गोऱ्ह्यासाठी. गोऱ्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुवाला लागे, पुढे अनेक वर्षे नांगर, मळणी व बंडी ओढी, आणि दरम्यान शेणखतही देई. अडचणीच्या वर्षी हाच बैल आठवडी बाजारात विकून रोख रक्कम उभी राही. सारांश, लहान कास्तकाराच्या दृष्टीने बैल हे एकाच वेळी अवजार, खत आणि ठेव होते.

या ठेवीचा अखेरचा हप्ता म्हणजे भाकड जनावराची किंमत. ती अल्प असली तरी नव्या गोऱ्ह्याच्या खरेदीस तिचा हातभार लागे. नेमक्या याच हप्त्याशी कायद्याचा संबंध येतो. भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना 1949 चा पशुसंरक्षण कायदा झाला व पुढील दुरुस्त्यांनी त्याची कक्षा गाय व वासरे यांच्यापासून बैलांपर्यंत वाढली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तरी हा कायदा येथे चालू राहिला. 1958 मध्ये महंमद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाय व वासरे यांच्या हत्येवरील संपूर्ण बंदी वैध ठरविली. मात्र कामाच्या वा पैदाशीच्या उपयोगी न राहिलेल्या बैलांवरील सरसकट बंदी अवाजवी मानली. निरुपयोगी जनावरे मर्यादित चाऱ्यात वाटेकरी होतात, हा विचार त्या निर्णयामागे होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत अशा जनावरांसाठी 160 गोसदनांची तरतूद होती; परंतु त्यांपैकी थोडीच प्रत्यक्षात उभी राहिली.

याच प्रश्नावर विद्वानांतही मतभेद झाला. 1960 नंतरच्या दशकात पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी संख्यानियंत्रणाशिवाय गोधनाची प्रत सुधारणार नाही, अशी भूमिका मांडली. उलट अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी 1966 मध्ये भारतीय शेतकऱ्याचे वरवर निरुपयोगी भासणारे जनावरही शेण, इंधन व ओढकाम यांद्वारे आपला खर्च भरून काढते, असे प्रतिपादन केले. दांडेकर राष्ट्राच्या चाऱ्याचा हिशेब मांडीत होते, तर हॅरिस कोठ्याचा. दोन्ही हिशेब आपापल्या जागी सुसंगत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, 1976 हा 1978 पासून अमलात आला. त्याने गाईच्या हत्येवर बंदी घातली. बैलाच्या बाबतीत मात्र तो निरुपयोगी असल्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. 2005 मध्ये गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1958 ची भूमिका बदलली आणि वृद्ध बैलाचे शेण व मूत्र यांनाही उपयुक्ततेत स्थान दिले. महाराष्ट्राच्या 1995 च्या दुरुस्तीस 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली व वळू आणि बैल बंदीच्या कक्षेत आले. म्हैसवर्ग पूर्वीप्रमाणे प्रमाणपत्राच्या अटीवर बाहेर राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी ही बंदी कायम केली. मात्र परराज्यातील गोमांस बाळगण्यासंबंधीचे कलम रद्द ठरविले. सीमेपलीकडील मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांतही 2004 चे कडक कायदे होते. त्यामुळे या कोपऱ्यातील कास्तकाराला सरहद्दीचाही लाभ उरला नाही.

तथापि या बदलाचे सर्व श्रेय वा दोष कायद्याकडे देणे इतिहासदृष्ट्या अपुरे होय. ट्रॅक्टरने चिखलणी होऊ लागल्यावर गोऱ्ह्याची मागणी स्वतंत्रपणेच घटली. अर्थात गोधनाच्या हिशेबातील आरंभीची जमा यंत्राने कमी केली आणि अखेरची जमा कायद्याने. मधल्या चारापाण्याचा व राखणीचा खर्च मात्र तसाच राहिला.

गोवंशाविषयीची श्रद्धा ही या प्रदेशातील वास्तव गोष्ट आहे आणि तिचा मान राखूनच हा विषय अभ्यासिला पाहिजे. परंतु श्रद्धेने जे जनावर वाचविले, त्याच्या उर्वरित आयुष्याचा भार समाज उचलतो, शासन उचलते, की दोन एकरांचा धनी एकटाच उचलतो, हा प्रश्न 1949 पासून प्रत्येक कायद्याच्या काठावर उभा आहे. गोसदनांची अपुरी राहिलेली योजना हेच त्याचे पहिले उत्तर होते. बाजाराच्या नोंदवह्या, कोंडवाड्यांची दप्तरे आणि वृद्ध कास्तकारांच्या आठवणी यांच्या आधारे या भाराची गाववार मोजणी करणे, हे आपल्या संशोधकांपुढील आवश्यक कार्य आहे.